बायपासनंतरचे सहा आठवडे: वॉर्डातून घरच्यांकडे हँडओव्हर

डिस्चार्जच्या दिवशी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सिस्टर, भात चालेल ना?" चालतो. त्याच्या पाठोपाठ तूप, मग केळं, मग दही. हे सगळं होईपर्यंत खाली बिलाच्या काउंटरवर नाव पुकारलं जातं, मुलगा पळतो, आणि जो प्रश्न विचारायला हवा होता तो राहूनच जातो: उद्या सकाळी बाबा उठले की त्यांच्यात नेमकं काय बघायचं?

वॉर्डात दर शिफ्टला आम्ही बेडपाशी उभं राहून एकमेकींना हँडओव्हर देतो. ताप किती, लघवी किती, ड्रेसिंग कोरडं आहे का, रात्री झोप लागली का, कोणती गोळी राहिली. पेशंट घरी जातो तेव्हा पुढची शिफ्ट तुमची असते, आणि तिचा हँडओव्हर पाच मिनिटांत लिफ्टच्या दारात उरकला जातो. तो इथे सावकाश देते आहे. हा लेख मुख्यतः छातीचं हाड उघडून केलेल्या बायपाससाठी आहे. वॉल्व्ह बदललेल्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर यापेक्षा निराळं काही लिहिलं असेल तर कार्ड प्रमाण माना.

घरी न्यायच्या आदल्या दिवशी

आधी काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम लक्षात राहतील. छातीच्या मधोमध असलेलं हाड उभं कापून उघडलं गेलं आणि काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी बांधलं गेलं. त्या तारा आयुष्यभर आतच राहतात. हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण भक्कम व्हायला तीन महिन्यांपर्यंत. नवीन रक्तवाहिनी बहुतेक वेळा दोन ठिकाणांहून घेतात. एक छातीच्या आतल्या डाव्या बाजूची धमनी, आणि बाकीच्या पायातली शीर. कधी मनगटापासून कोपरापर्यंतची धमनीही घेतात. त्यामुळे "ऑपरेशन छातीचं आणि दुखतोय पाय" ही तक्रार रोजची आहे आणि खरी आहे. डावी छाती कित्येक महिने बधिर किंवा चुरचुरणारी राहू शकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता घर. जमिनीवरची गादी उचला आणि गुडघ्याच्या उंचीचा पलंग लावा. भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची आणा. भाड्यानेही मिळते, नवीनही फार महाग नसते. बाथरूममध्ये प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची. चष्मा, पाणी, मोबाइल, टॉवेल सगळं कमरेच्या उंचीवर. वर हात ताणायला नको आणि खाली वाकायला नको. डिजिटल वजनकाटा, बीपीचं मशिन, थर्मामीटर आणि एक साधी दोनशे पानी वही. वही विसरू नका, तिच्याकडे नंतर येणार आहे.

घर चाळीत तिसऱ्या मजल्यावर असेल तरी चालतं. एक पायरी, दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची. प्रत्येक मजल्यावर थांबायचं आणि कठडा फक्त तोल सांभाळायला धरायचा, अंग वर ओढायला नाही. एकदा वर गेलं की पहिले काही दिवस उगाच वरखाली नको.

गाडीत मागच्या सीटवर बसवा. सीटबेल्ट लावायचाच, पण छाती आणि पट्ट्याच्या मध्ये उशी ठेवा. नाशिकहून नंदुरबारला जायचं असेल तर दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालवा. पाय लटकवून चार तास बसलं की पायात रक्ताची गाठ धरण्याची भीती असते.

पहिल्याच संध्याकाळी: औषधांचा डबा उपडा करा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण घरी गेल्यावर होणाऱ्या गडबडींपैकी ही अगदी टाळता येण्याजोगी आहे.

एक काका डिस्चार्जनंतर नवव्या दिवशी परत आले. चक्कर येत होती, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी ४४. काकू बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या, "सिस्टर, एक गोळी चुकवली नाही हो मी." खरंच चुकवली नव्हती. उलट दुप्पट दिली होती. आमच्या कार्डावर मेट एक्सएल होती आणि घरच्या जुन्या डब्यात, गल्लीतल्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी सुरू केलेली सेलोकेन एक्सएल होती. काकू दोन्ही देत होत्या, कारण नावं दोन होती. आत औषध एकच, मेटोप्रोलॉल, जे हृदयाची गती कमी करतं.

म्हणून घरी पोचलात की चहा घ्या आणि सगळ्या स्ट्रिप्स, जुन्या-नव्या, पलंगावर पसरा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याच्या जवळच बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. दिसत नसेल तर फोनने फोटो काढून मोठा करा. हे नाव कार्डावरच्या गोळ्यांशी ताडून बघा. इकोस्प्रिन आणि इकोस्प्रिन एव्ही या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. दुसरीत अ‍ॅस्पिरिनबरोबर कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिनही असते. त्यामुळे कार्डावर एव्ही असताना जुनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू ठेवली तर तीही दुप्पट होते. जी जुनी औषधं नव्या कार्डावर नाहीत, ती एका पिशवीत बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाका आणि पुढच्या भेटीला ती पिशवी घेऊन या. त्यातली मधुमेहाची, थायरॉइडची, फिट्सची किंवा दम्याची गोळी खरंच बंद करायची होती की लिहायची राहून गेली, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. राहून गेलेलं असू शकतं.

मग एका कागदावर तक्ता करा: वेळ, नाव, कशासाठी. "कशासाठी" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, नव्या नळ्याही पुन्हा बुजू नयेत म्हणून, लॅसिक्ससारखी लघवीची गोळी अंगातलं जादा पाणी काढायला. ही लघवीची गोळी कार्डावर लिहिलेल्या वेळेलाच द्या. ती सकाळची असते, रात्री दिली तर अख्खी रात्र बाथरूमच्या फेऱ्यांत जाते आणि अंधारात पडण्याचा धोका वेगळाच. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या देऊ नका.

इथे दोन गोष्टी जरा आवाज चढवून सांगते. एक, दात काढायचाय किंवा दुसरं काही छोटं ऑपरेशन आहे म्हणून कोणी रक्त पातळ करणारी गोळी बंद करा म्हटलं, तर आधी आपल्या हार्टच्या डॉक्टरांना विचारा. दोन, गुडघेदुखीसाठी घरात असलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा त्यांची मिश्रणं देऊ नका. बायपासनंतर ती धोक्याची आहेत आणि किडनीलाही बरी नाहीत. दुखण्यासाठी कार्डावर जे लिहिलंय, बहुतेक पॅरासिटामॉल, तेच द्या. आणि ते द्याच. "सहन करतो" म्हणणारा माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, चालत नाही, आणि मग छातीत कफ साठतो.

उठवायचं कसं

घरातला कोणीतरी प्रेमाने दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो, "धरा, ओढतो." दुसरा मागून काखेत हात घालून उचलतो. या दोन्हींत सगळा जोर त्या तारांनी बांधलेल्या हाडावर येतो.

उठण्याची पद्धत अशी. पाठीवर झोपलेले असताना दोन्ही गुडघे दुमडायचे. छातीशी उशी घट्ट धरायची. आता खांदा आणि कंबर एकत्र, ओंडका वळावा तसं कुशीवर वळायचं, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. पाय पलंगाखाली सोडायचे. पायांच्या वजनानेच धड वर यायला लागतं, तेवढ्यात तुम्ही एक तळहात त्यांच्या पाठीमागे, खांद्याच्या फऱ्याखाली ठेवा आणि हलका आधार द्या. बसले की लगेच उभं करायचं नाही. एक मिनिट तिथेच, पाय जमिनीला टेकवून. बीपीच्या गोळ्या चालू असतात, झटकन उठलं की भोवळ येते. मग उभं राहायचं. खुर्चीतून उठताना आधी पुढच्या कडेवर सरकायचं, पावलं मागे घ्यायची, हात मांड्यांवर, पुढे झुकायचं आणि पायांच्या जोरावर उठायचं. हातांवर रेटा नको.

ती उशी. बहुतेक ठिकाणी वॉर्डातूनच एक छोटी घट्ट उशी देतात, नसेल तर टॉवेलची घडी करून बांधा. खोकला, शिंक, उचकी, अगदी जोरात हसू आलं तरी ती छातीशी आवळायची. सहा आठवडे ती सतत हाताशी असू द्या.

सहा ते आठ आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. किलोचा अंदाज येत नाही म्हणून घरगुती हिशेब: पाण्याने भरलेली बादली नाही, पाच लिटरचा भरलेला कुकर नाही, सिलिंडर हलवणं नाही, गच्च बसलेलं बरणीचं झाकण नाही, दुकानाचं शटर नाही, पिळे घालून कपडे पिळणं नाही. नातवंडाला उचलायचं नाही. आजोबा खुर्चीत बसतील, मूल दुसऱ्या कोणीतरी शेजारी बसवेल. हे आजोबांना सांगून उपयोग नसतो, नातवाला सांगा. चार वर्षांचं पोर "आबांच्या आत तारा आहेत" हे फार गंभीरपणे पाळतं.

हालचाल करताना छातीत हाड हाडावर घासल्यासारखं, कट् कट् असं जाणवलं तर ते मनावर घ्या आणि त्याच दिवशी सर्जनच्या टीमला कळवा.

वही

रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, जवळपास सारख्याच कपड्यांत वजन करा. मग ताप, नाडी, बीपी. मधुमेह असेल तर शुगर. सहावा रकाना जखमेचा, एका शब्दात: कोरडी, लाल, ओलसर. एवढंच. पाच मिनिटांचं काम.

वजन कशाला, असं लोक विचारतात. वजन वाढणं म्हणजे चरबी नव्हे, इतक्या लवकर चरबी वाढत नाही. ते पाणी असतं. हृदय दमलं की अंगात पाणी साठतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो. पायाला सूज दिसायच्या, दम लागायच्या आधी काटा बोलतो. एका दिवसात एक किलो, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न बघता फोन करा.

एका मुलीने मला अशीच वही वाचून दाखवली होती. तिचा आवाज अगदी संकोचलेला. "सिस्टर, बाबा तसे ठीक आहेत, जेवलेत पण. फक्त ७१.२, ७१, ७१.४ आणि आज ७२.६ आलंय." मी विचारलं, रात्री उशा किती घेतल्या? पलीकडे क्षणभर शांतता. "एक घेतात, काल तीन घेतल्या." स्वतः बाबांच्या लक्षातही आलं नव्हतं की आडवं पडल्यावर श्वास अपुरा पडतोय म्हणून ते उशा वाढवताहेत. डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी बोलावलं, तपासलं, लघवीची गोळी वाढवली. अ‍ॅडमिट करावं लागलं नाही.

बाकीच्या आकड्यांचं थोडक्यात. ताप १००.४ किंवा त्याहून जास्त आला तर कळवा. बसल्या जागी नाडी ५० च्या खाली असेल तर हृदयाची गती कमी करणारी गोळी देण्याआधी फोन करा. १२० च्या वर असेल किंवा ठोके वेडेवाकडे, मध्येच चुकल्यासारखे पडत असतील तरी फोन करा. बायपासनंतर ठोक्यांची लय बिघडणं बऱ्याच जणांत दिसतं, बहुतेकदा हॉस्पिटलातच, पण घरी गेल्यावरही होऊ शकतं. बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली आणि चक्कर येत असेल तर झोपवा आणि कळवा. शुगर सलग दोन-तीन दिवस जेवणाआधी १८० च्या वर राहत असेल तर सांगा, साखर चढलेली असली की जखम भरत नाही.

जखम

आंघोळ कधीपासून ते कार्डावर असतं. परवानगी मिळाली की कोमट पाणी, साधा साबण हाताला लावून जखमेवरून अलगद फिरवायचा, घासायचं नाही, पाण्याचा झोत थेट जखमेवर नको. मग स्वच्छ सुती कापडाने टिपायचं. झालं. हळद नाही, खोबरेल नाही, पावडर नाही, अंगारा नाही. अंगारा कपाळाला लावा, मी स्वतः लावते.

जखम दिवसाउजेडी बघा, आणि दर दोन दिवसांनी त्याच खिडकीपाशी उभं करून फोनने फोटो काढा. लाली पसरतेय की ओसरतेय हे आठवणीवर ठरत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की ठरतं. खाज, थोडा गुलाबी रंग, जखमेच्या वरच्या टोकाला छोटा उंचवटा, एवढं चालतं. लाली वाढणं, पू किंवा पाणी झिरपणं, वास येणं, कडा उसवणं हे फोनवर सांगायचं आणि दाखवायला यायचं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट डॉक्टर सहसा बोलत नाहीत आणि पेशंट लाजून विचारत नाही. स्तनांच्या वजनाने जखमेच्या कडा दोन बाजूंना ओढल्या जातात. मऊ सुती, तारेशिवायची, पुढून उघडणारी ब्रा दिवसरात्र घातली तर दुखणंही कमी होतं आणि जखमही नीट भरते. दुसरी अडचण मंगळसूत्राची. वाट्या नेमक्या जखमेवर घासतात. एक आजी काही केल्या काढायला तयार नव्हत्या, "इतकी वर्षं काढलं नाही, आता काढू?" शेवटी आम्ही तेच मनगटाला दोन वेढे देऊन बांधलं, वर मऊ गाजपट्टी. आजी खूश, जखम कोरडी.

पायातली शीर काढली असेल तर त्या पायाला काही आठवडे सूज येते, संध्याकाळी जास्त. खुर्चीत बसताना पाय स्टुलावर, आडवं पडल्यावर दोन उशांवर. मोजे दिले असतील तर सकाळी उठल्याउठल्या चढवायचे, रात्री काढायचे. पायावर पाय टाकून किंवा मांडी घालून बसायचं नाही. एकच पोटरी अचानक टणक, गरम आणि दुखरी झाली तर मात्र चोळू नका, दाखवा.

तीन गोळ्यांचं ते खेळणं

स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं तीन प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं उपकरण, हातात दिला की दहातले सात जण फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं. ताठ बसून आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि उसाचा रस स्ट्रॉने ओढावा तसा सावकाश श्वास आत घ्या. गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद तिथेच राहू द्या. तीन गोळ्या एकदम उडवण्याची शर्यत लावू नका, एक गोळी जास्त वेळ वर धरणं जास्त फायद्याचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये दम खात. नंतर उशी धरून दोनदा खोका. भूल आणि दुखण्यामुळे फुप्फुसांचा खालचा भाग मिटून राहतो, तो यानेच उघडतो. टीव्हीवर मालिका लागते तेव्हा प्रत्येक जाहिरातीला, असा नियम केला तर बिनबोभाट होतं.

चालणं

आपल्याकडे प्रेम म्हणजे झोपवून ठेवणं. "पडा तुम्ही, मी आणते." आठ दिवस असं केलं की माणूस खरंच आजारी दिसायला लागतो.

पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मग रोज एक-दोन मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास सपाट रस्त्यावर चालता आलं पाहिजे. वेग ठरवायला घड्याळ नको: चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. जेवणानंतर तासभर थांबा. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा घरातच. छातीत दाब, चक्कर, घामाघूम होणं, असं काही झालं तर तिथेच बसा. चालण्याचा दुसऱ्या दिवशी खूप थकवा जाणवला तर आदल्या दिवशी जास्त झालं एवढंच, एक पायरी मागे या. दुपारची झोप तासाभरापेक्षा जास्त नको, रात्री डोळा लागत नाही. तुमच्या गावात कार्डियाक रिहॅबची, म्हणजे हृदयाच्या पेशंटना देखरेखीखाली व्यायाम करवून घेण्याची, सोय असेल तर नाव घाला.

जेवण, आता

पहिले दोन-चार आठवडे भूक मेलेली असते. तोंडाला धातूसारखी चव, अन्नाचा वास नकोसा. सून मनाला लावून घेते की माझ्या हातचं आवडत नाही. तिला कोणीतरी सांगा की ही चव ऑपरेशन आणि औषधांची आहे.

थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. "पथ्य" म्हणून महिनाभर मऊ खिचडी आणि मुगाचं पाणी देणारी घरं मी खूप बघितली. हाड आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. मोड आलेल्या मुगाची उसळ, वरण, दही, अंड्याचं पांढरं, खाणाऱ्यांसाठी माशाचं पातळ कालवण. भात आहेच. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण विचारून ठरवा.

मीठ दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. भाजीतलं मीठ कमी करून ताटात लोणचं-पापड वाढला तर हिशेब तिथेच चुकला. फरसाण, खारवलेली मिरची, सॉस, पाकिटातले नूडल्स हे त्यातलेच. सैंधव हे मीठच आहे. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं, काही बीपीच्या गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढतं, तेव्हा न विचारता आणू नका. पाण्यावर मर्यादा सांगितली असेल तर सकाळीच एका बाटलीत दिवसाचं पाणी मोजून भरून ठेवा आणि चहा, ताक, आमटी त्यातून वजा करा.

बद्धकोष्ठता होते, आणि कुंथणं हृदयाला आणि छातीला दोन्हींना वाईट. पपई, भाज्या, चालणं. नाही भागलं तर इसबगोल किंवा पातळ औषध डॉक्टरांना विचारून.

मन

आयसीयूमध्ये काहींना भास होतात. भिंतीवर मुंग्या दिसतात, सिस्टर विष देतेय असं वाटतं. हे भास ओसरतात, पण घरी आल्यावर माणसाला त्यांची लाज वाटत राहते. तो विषय हसण्यावारी नेऊ नका. "असं बऱ्याच जणांना होतं म्हणे" एवढं बोललात तरी त्यांचा जीव भांड्यात पडतो.

मग घरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाहुणे पांगल्यावर, रडू येतं. आयुष्यभर घरात दरारा असलेला माणूस मालिकेतलं लग्न बघून रडतो. चिडचिड होते, ती बहुतेक बायकोवर निघते. हे पुष्कळांना होतं आणि हळूहळू ओसरतं. सारखं "तब्येत कशी आहे?" विचारू नका, कामाचं काहीतरी विचारा: लाइट बिल भरलं का, शेतातला पंप कोणाकडून दुरुस्त करायचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ खिन्नता टिकली, खाणं-बोलणं सुटलं तर डॉक्टरांना सांगा. "जगून काय करू" असं बोलले तर त्याच दिवशी सांगा.

बघायला येणाऱ्यांची वेळ ठरवा, संध्याकाळी पाच ते सहा. सर्दी-खोकला असलेल्याने फोनवरच विचारपूस करावी. हे सांगायचं काम घरातल्या फटकळ माणसाला द्या. प्रत्येक घरात एक असतो.

आणि काकू, तुमचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलंत? वहीत तुमच्यासाठीही एक रकाना करा. रात्रीची जबाबदारी आलटून पालटून घ्या. मुलं बाहेरगावी असतील तर औषधांचा तक्ता आणि फोन करणं त्यांच्याकडे द्या, ते पुण्यात किंवा दुबईत बसूनही होतं.

वॉल्व्ह बदलला असेल तर

वर लिहिलेलं बहुतेक तुम्हालाही लागू. त्यात भर म्हणजे अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन, रक्त पातळ करणारी गोळी. ही गोळी रोज ठरलेल्या वेळी, आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी, तपासणी सांगितलेल्या तारखेलाच. मिळालेला आकडा आणि ठरलेला डोस दोन्ही वहीत. पालक, मेथी, कोथिंबीर बंद करायची गरज नाही. एक आठवडा अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज मेथी, असं मात्र करू नका, त्याने आकडा हलतो. आयुर्वेदिक काढा, अर्जुनसाल, कोणतीही नवी अँटिबायोटिक घेण्याआधी विचारा. दातांच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की वॉल्व्ह बदललेला आहे. काही उपचारांआधी अँटिबायोटिक घ्यावी लागते.

१०८ कधी

छातीत दाबल्यासारखी, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ. बसल्या जागी दम. बेशुद्ध पडणं. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडं बोलणं. रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौच, न थांबणारा रक्तस्राव. यात आधी मावसभावाच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन नाही. थेट १०८. फाइल दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली असू द्या, शोधाशोध नको.

सहावा आठवडा

चारचाकी चालवायला साधारण सहा-आठ आठवड्यांनी परवानगी मिळते, दुचाकीला त्याहून उशीर, कारण खड्डा चुकवताना सगळा झटका हँडलवरून छातीत येतो. बसून करायचं काम बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांत सुरू करता येतं, शेतीचं किंवा हमालीचं तीन महिन्यांआधी नको. नवराबायकोच्या संबंधांबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते: दोन जिने दम न लागता चढता आले आणि डॉक्टरांची हरकत नसली की हरकत नाही, छातीवर भार येणार नाही एवढं बघा. त्यासाठीच्या गोळ्या मात्र परस्पर घेऊ नका, जिभेखालच्या सॉर्बिट्रेटसारख्या औषधांबरोबर त्या जिवावर बेततात.

ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर फॉलोअपचा खर्च त्यात बसतो का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जआधीच विचारून ठेवा.

तपासणीला येताना कार्ड, वही, सगळ्या स्ट्रिप्स आणि ती जुन्या गोळ्यांची पिशवी आणा. उशी परत करायची नसते. तरी दर महिन्याला कोणीतरी ती धुऊन, इस्त्रीचा अभ्रा घालून घेऊन येतंच.